फोटोतला पत्ता
ती मुक्त पत्रकार. वनरक्षकाने भरवशावर दाखवलेल्या ससाण्याच्या घरट्याचा फोटो तिने वर्तमानपत्राला पाठवला, देवाचं नाव घेऊन चहाचा कप उचलला आणि काळजात धस्स झालं. फोटोसोबत मोबाइल जागेचा पत्ताही नोंदवतो. तो पुसायचाच राहिला होता! बातमी संकेतस्थळावर चढली की पिल्लं चोरणाऱ्यांना आयतीच वाट मिळणार. तिने लगेच म्हाताऱ्या उपसंपादकाला फोन लावला. “काका, फोटो थांबवा! त्यात पत्ता राहिलाय!” “पुसला गं. तू विसरतेसच, नऊ वर्षं मीच पुसतोय.” “मग एकदा तरी कान धरायचात!” “धरला असता, तर घाबरून फोटो पाठवणंच थांबवलं असतंस.” नऊ वर्षांतली सगळी घरटी, बिळं तिच्या डोळ्यांसमोर आली. काकांनीच विचारलं, “बरं, पिल्लं किती?” “तीन. गुटगुटीत.” पलीकडे धप्पकन फोन पडल्याचा आवाज आला. हातात फोन आहे हे विसरून काकांनी देवाला दोन्ही हात जोडले होते.