मास्तरांची तपासणी

टेलरमास्तरांच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं आणि जीभही जड झाली. त्यांच्या मशीनवर आता बायको बसू लागली. गिऱ्हाईक म्हणे, "वहिनी, मास्तरांपेक्षा तुमचा हात साफ आहे हो!" खुर्चीतल्या मास्तरांचा नुसता जळफळाट. मग तिची एखादी कॉलर हेरून ते कसेबसे म्हणत, "वा... वाकडी! उसव!" ती निमूट उसवी, तेवढाच मास्तरांच्या जिवाला थंडावा.

एकदा बायको आत गेली, तेव्हा आतून लेकीचा आवाज आला, "आई, सगळी शिलाई सुतासारखी सरळ, मग रोज एकच कॉलर वाकडी कशी गं?"

"हळू बोल! डॉक्टर म्हणाले, बोलत राहिले तरच त्यांची जीभ सुटेल. आणि कौतुक करायला ती धडधाकट असतानाही कधी वळली होती का?"