दोघांची वस्ती

प्रमिला कडव रोज सकाळी पावलं मोजणाऱ्या दोन पट्ट्या बांधून चालायला निघायची. एका मनगटावर स्वतःची, दुसऱ्यावर दत्तारामची. तिचा नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळून होता, आणि जो फिरत नाही त्याला महानगराचं यंत्र मोजत नसे. माणसं जिकडे जात तिकडेच ते पाणी, वीज, बस वळवत असे. कर्जतपलीकडच्या या वस्तीतली सगळी घरं एकेक करून शहराकडे गेली. उरली ही दोघं, आणि वस्ती चालू राहायला निदान दोन माणसं लागत.

मंगळवारी ती निघतच होती, तेवढ्यात नियोजन कार्यालयातली फरीदा दारात आली.

"काकू, दोन्ही पट्ट्या कायम एकाच माणसाच्या पावलांनी चालतात. यंत्रानं इथं एकच माणूस धरलाय. उद्यापासून पाणी बंद."

"मग आम्ही जायचं कुठं?"

"तुम्हाला एकटीला शहरात खोली मिळेल. पण मोजणीत नसलेल्याला तिथं घेत नाहीत."

"अगं, हे आत झोपलेत. बघ की."

फरीदाने आत डोकावलं. दत्तारामने पडल्या पडल्या हात जोडले. तिने मान खाली घातली.

"मला दिसतात हो, काकू. पण माझं सांगणं यंत्र धरत नाही."

ती गेल्यावर प्रमिलाने घरातली सगळी भांडी, अगदी वाट्यासुद्धा, पाण्याने भरून ठेवली. मग नवऱ्याच्या उशाशी येऊन बसली.

"आज चालायला नाही गेलीस?" त्याने विचारलं.

"पाय दुखतायत," ती म्हणाली.