गॅसची नवी नळी

बोट सुटायच्या बेतात होती. बोट हाकणाऱ्या हरेश्वर तांडेलांची लेक मोहिनी मात्र बोटीवरच्या शेगडीपाशी बसून गॅसच्या नळीला साबणाचा फेस लावत होती. जोडापाशी बुडबुडा फुगला.

"बाबा, नळीला चीर गेलीय. रेग्युलेटरही गंजलाय. दोन्ही बदलते."

"पुढच्या खेपेला बदल गं!" म्हातारा खलाशी ओरडला. "बाकीच्या बोटी गेल्यासुद्धा."

"गळलेला गॅस बोटीच्या तळाशी साचतो, काका. मग एक काडी पुरे."

सगळे तांडेलांकडे बघू लागले. गॅसदुरुस्ती शिकलेली का असेना, पण बाईमाणसाला बोटीवर चढवलं, म्हणून त्यांनी कालच बंदरात बोलणी खाल्ली होती. त्यांनी इंजिन बंद केलं.

नवी नळी बसली, नवा रेग्युलेटरही बसला. मोहिनीने पुन्हा फेस लावला. खलाशी नांगराकडे वळला, तसे हरेश्वर ताठ मानेने म्हणाले, "थांब. माझी लेक हो म्हणेल, तेव्हाच नांगर उचलायचा."