सातवं पाणी

"पहिलं पाणी प्यायचं नसतं," म्हणत चिंतामण देशमाने सरांनी भांड्यातला अख्खा चहा ताटलीत ओतून टाकला आणि युवराजचं टाळकंच सरकलं.

साडेअकरा वाजले होते. दूध संघाच्या संचालकपदाचा अर्ज तीनच्या आत बारामतीच्या कचेरीत द्यायचा होता. बारामती-इंदापूर दोन्ही तालुके पालथे घालून, कुणाला समजावून, कुणाला दम भरून युवराजनं बाकीचे इच्छुक घरी बसवले होते. जागा बिनविरोध त्याचीच. अन् कालच त्याचा सूचक फिरला. अर्जावर सूचक म्हणून एका सभासदाची सही लागते, ती नसली की अर्ज बाद. सकाळी सरांचा आपणहून फोन आला, ये इंदापूरला, मी करतो सही. तसा तो सांगवीहून गाडी पिटाळत आला होता.

सरांच्या मुलानं, निहारनं, चीनहून चहा धाडला होता. वीस वर्षं जुना, दाबून थापलेला, वाळल्या गवरीसारखा. सर दाभणानं त्याचा एकेक पापुद्रा सुटा करत होते. प्रत्येक खेपेला नवं आधण, ते अंमळ निवू द्यायचं, मग ओतायचं. पेले तर भातुकलीतले.

दुसरं पाणी युवराजनं एका घोटात संपवलं. जुन्या कणगीत तोंड घातल्यासारखं वाटलं. ना साखर, ना दूध. दूध संघाच्या उमेदवारानं बिनदुधाचा चहा प्यायचा, तोही उसाच्या मुलखात बसून! छान हाय म्हणत त्यानं अर्ज पुढं सरकवला. सरांनी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, छान म्हणजे कसा? मातीची चव लागली, की लाकडाची?

"सगळ्या लागल्या की. सर, तेवढी सही..."

"घाईनं याची चव मरते रे. सातव्या पाण्याला बघ कसा खुलतो."

सातव्या! युवराजला रडावं की ओरडावं कळेना. दुसरं कुणी असतं तर त्यानं एव्हाना गचांडी धरली असती. पण शाळेत ह्याच माणसानं त्याला अंगठे धरून उभं केलं होतं, आणि आजही सरांसमोर त्याचा आवाज चढत नव्हता.

चौथ्या पाण्याला बिरूचा फोन आला. हा युवराजचा खास माणूस, सकाळपासून बारामतीतच थांबलेला. दुसरा एखादा सभासद गाठून आणू का, असं तो विचारत होता. युवराज त्याच्यावरच खेकसला.

"काय गरज न्हाय. सरांच्या नावाला वजन हाय. मी आलोच."

पाचवं झालं, सहावं झालं. मधेच सर गच्चीवर जाऊन दोरीवरचे वाळलेले कपडे घेऊन आले. उठावं तर सही जाते, बसावं तर जीव जातो, अशी गत झाली. आणि खरं सांगायचं तर सातवं पाणी गोडसर लागलं, चांगलंच लागलं. त्याचा युवराजला जास्तच संताप आला.

पावणेदोनला सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि सावकाश, सुवाच्य अक्षरात सही केली. युवराज पाया पडून पळतच सुटला.

वाटेत उसाच्या ट्रॉल्यांनी त्याचा पार अंत बघितला. त्यानं हॉर्न बडवला, शिव्या घातल्या, एका ठिकाणी गाडी शेतातून काढली. तीनला पाच कमी असताना त्यानं धापा टाकत अर्ज खिडकीत दिला आणि बिरूच्या पाठीवर जोरात थाप मारली. जिंकलो, म्हणाला.

आतल्या कारकुनानं अर्ज वाचला. समोरच्या वहीत बोट फिरवलं आणि अर्ज परत बाहेर सरकवला.

"एका सभासदाला एकाच अर्जावर सूचक होता येतं," तो म्हणाला. "देशमाने सरांची सही सकाळीच दुसऱ्या अर्जावर आलीय. त्यांच्या मिसेसच्या."