दाराबाहेरचे जोडे

आत्याने कॅमेऱ्यासमोर एकदा "चंद्रावर कुणी गेलंच नाही, सगळं खोटं होतं" म्हटलं, की क्लेटनचे चार हजार प्रेक्षक लाखावर जाणार होते. आत्याचं जाणार होतं ते एवढंच: चंद्रवीरांचे पोशाख शिवण्यात घातलेली तीन वर्षं आणि गावातली पत. क्लेटनला सौदा बरा वाटला. त्यासाठी त्याने नवे कातडी बूटसुद्धा घेतले होते.

"मंडळी, आपण थेट आहोत," तो फोनकडे बघून म्हणाला. "चंद्रावरचे म्हणून सांगतात ते पोशाख इथेच, डेलावेअरमध्ये शिवले गेले. शिवणारी माझी व्हर्ना आत्या शेजारीच बसलीय."

"सरळ बस आधी. लहानपणापासून पोक काढून बसतोस."

क्लेटनने दोन फोटो पुढे धरले. "हा संग्रहालयात ठेवलेल्या चंद्रवीराच्या पोशाखाचा बूट. तळ सपाट. आणि हा चंद्रावरचा ठसा. नुसत्या आडव्या पट्ट्या. बोल आत्या, हा ठसा कुणाचा?"

आत्याने सावकाश चष्मा पुसला. एक टाका चुकला तर अख्खी बाही उसवणारी बाई ती. घाई तिला ठाऊकच नव्हती.

"पाय वर कर," ती म्हणाली. "दाखव तुझ्या मंडळींना."

त्याने दाखवला. कोरा, गुळगुळीत तळ.

"आता फोन खिडकीबाहेर धर."

अंगणातल्या बर्फात फाटकापासून पायरीपर्यंत एकाच माणसाची पावलं उमटली होती. पट्ट्यापट्ट्यांची.

"मग माझ्या घरी आलं कोण?"

"अगं, येताना वरून रबरी जोडे घातले होते ना. तूच तर ते दाराबाहेर काढायला लावतेस..."

क्लेटन मध्येच थांबला. फोनवर हसरे चेहरे सरसर वर चढू लागले.

"आमच्या माणसांनीही वरून घातले होते," आत्या म्हणाली. "मीच शिवलेले. निघताना दगडांचं ओझं झालं, म्हणून तिथेच टाकून आले."

"पुरावा काय?"

"जा की. आण उचलून."

क्लेटन तरातरा निघाला. नव्या गुळगुळीत बुटांमुळे पायरीवर घसरून सपशेल आपटला, उठला आणि मागे न बघता गाडीत बसला.

संध्याकाळी आत्याने दाराबाहेरचे रबरी जोडे झटकून आत घेतले. चंद्रावर गेलेली माणसं जोडे टाकून निदान दगड तरी घेऊन आली होती. क्लेटन नुसतेच जोडे टाकून गेला.