सुरयांचं बेट

उजनी धरणाच्या पाण्यातल्या बेटावर सुरय पक्ष्यांनी वाळूत अंडी घातली की नावाडी चांदसाब त्यांची राखण करायचा. गेल्या वर्षी कुणीतरी सगळी अंडी पळवली होती. त्यामुळे अनोळखी बाई रिकामी बादली घेऊन त्याच्या नावेतून उतरली, तेव्हाच त्याला खटकलं. तो परत न जाता झुडपाआड थांबला. बाई एकेक अंडं उचलून बादलीत ठेवू लागली, पक्षी कलकलाट करत तिच्या डोक्यावर झेपावू लागले. चांदसाबनं धावत जाऊन तिचं मनगट धरलं. “चोरी करतीस व्हय?” “वरच्या धरणातनं पाणी सोडलंय, इथलं चढतंय! अंडी उंचवट्यावर नेतेय. तुमच्या पायांकडं बघा की!” ती ओरडली. त्यानं खाली पाहिलं. संशयाच्या भरात कळलंच नव्हतं. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं, एक अंडं तरंगत होतं. त्यानं मनगट सोडलं, ते अंडं ओंजळीत उचललं. “तुमी तिकडची घ्या, मी इकडची.”