खोकला

नववीनंतर शाळा बंद केलेली मदिना, बाप सिकंदर घरात शिरला की शेजारच्या घराला लागून असलेल्या भिंतीकडं तोंड करून खोकायची. एरवी दिवसभर साधा ठसकासुद्धा नाही. सिकंदरच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. भिंतीपलीकडं शेजाऱ्यांचा कॉलेजातला पोरगा त्र्यंबक मेच्या सुट्टीला आला होता.

आज चांदीच्या भट्टीवरून सिकंदर मागच्या दारानं गुपचूप आला आणि दाराआड उभा राहिला. मदिना भिंतीला टेकून पैंजणाच्या कड्या जोडत होती.

पलीकडून आवाज आला, तो त्र्यंबकच्या बहिणीचा. “मदिने, दहावीचा भूगोल वाचती, ऐक. शाळेत न्हाईस म्हणून काय झालं? फक्त अब्बा आलं की खोक, म्हंजे मी गप्प बसती.”

दिवसभर भट्टीचा धूर खाल्लेल्या सिकंदरच्या घशात खवखव उठली. त्यानं गळ्यातला रुमाल तोंडात कोंबला आणि तसाच उभा राहिला.